ढेकळांची तालीम

भाषणाची तयारी कशी करता हो, असं मला लोक विचारतात. मी काही मोठी वक्ता नव्हे. भातसानगरला धरणाच्या कचेरीत फायली लावते, आणि कुणाचा सत्कार, कुणाचा निरोप, शाळेचं संमेलन असलं की आसपासची माणसं सूत्रसंचालनाला मला बोलावतात. 'आवाज काय खणखणीत आहे ताई तुमचा!' म्हणतात. मी हसून चहा घेते. तो आवाज कुठल्या शेतात, कसल्या माराखाली तयार झाला ते सांगत बसले, तर त्यांचा चहा गार होईल.

गुरुजी गेल्याचं ग्रुपवर कळलं. आमच्या सातवीच्या वर्गाचा ग्रुप आहे, एरवी त्यावर नुसती फुलं आणि सुप्रभात. त्या दिवशी चाळीस हात जोडून झाले आणि एकानं लिहिलं, 'दहाव्याला आपल्यातर्फे भाषण तीच करणार. गुरुजींची लाडकी.' लाडकी! मी फोन उपडा घातला आणि भांडी घासायला घेतली. एक ताटली इतकी आपटली की शेजारीण खिडकीतून विचारायला आली.

आमच्या शहापूर-मुरबाडकडं दहावं नदीवर होतं आणि नदीवर माईक लागतो. पिंड मांडलेले असतात, मुलाचं डोकं नुकतंच भादरलेलं असतं, आणि एकामागून एक माणसं उठून गेलेल्याबद्दल बोलतात. भाषण करणारेही ठरलेले. एक सरपंच आहेत, त्यांचं दहाव्याचं भाषण एकच आहे, फक्त नाव बदलतं. एक जण गाडीवरून येता येता मनात जुळवतो, म्हणून त्याच्या भाषणात खड्डे फार. हल्लीची पोरं मोबाइलवरून उतरवून आणतात. मी वहीत लिहिते, लाल पेननं खुणा करते, पाठ करते. पण या वेळी वही उघडून बसले तर 'आदरणीय गुरुजी' या दोन शब्दांपुढं पेन हलेना.

मग दहाव्याच्या आदल्या दिवशी रजा टाकली आणि डोळखांबच्या एसटीत जाऊन बसले.

शाळा आहे अजून. कौलं गेली, स्लॅब आला, भिंतीवर रंगीत फळं काढलीत. ओटा मात्र तोच, कडेचा दगड झिजलेला. ओट्यावरून खाली बघितलं. शाळेखालचं आमचं भाताचं खाचर नव्हतं. तिथं कुंपणाची भिंत, आत फार्महाउस, निळं गेट. मी गेटजवळ जाऊन वाकून बघत होते तर वॉचमन धावत आला.

"काय पायजे?"

"माती बघायची व्हती."

"माती?" त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "माती इथं नाय. लॉन हाय."

म्हातारा होता, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा, आणि चेहऱ्यावर 'ही बाई फिरलीय' असं स्वच्छ लिहिलेलं. मी परत येऊन ओट्यावर बसले.

थंडीत भात घरात आलं की ते खाचर मोकळं व्हायचं. धसकटं पायाला टोचायची. जमीन वाळून फुटायची आणि तिची ढेकळं व्हायची, हातात मावणारी, करड्या रंगाची, उन्हानं तापलेली. सगळीकडून झोडणीचा आवाज यायचा. भाताचा भारा उचलायचा, डोक्यावरून फिरवायचा आणि फळीवर हाणायचा, धप्प. या खळ्यावर धप्प, त्या खळ्यावर धप्प. हवेत पेंढ्याचा कूस, नाकात गेला की दिवसभर शिंका. रानात फांद्या तोडायचं काम चालू व्हायचं, राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा जाळून घ्यायला, लागायच्या त्या. म्हणजे कुऱ्हाडीचा आवाज. आमच्या लहानपणी हिवाळा म्हणजे सगळीकडून काही ना काही मारल्याचाच आवाज होता.

त्यात गुरुजींच्या फोकाचा वेगळा. निरगुडीचा ओला फोक, तो हवेतच शिटी मारायचा. गुरुजी मुरबाडकडचे, काडीसारखे बारीक, आणि त्यांचा आवाज असा की वर्गातून ओरडले तर डोंगराकडची गुरं माना वर करायची. शाळेमागच्या खोलीत ते आणि काकी राहायचे, मूलबाळ तेव्हा नव्हतं. वक्तृत्वाचं त्यांना वेड. आमच्या पाड्यावरच्या पोरांनी शहापूरला तालुक्याच्या स्पर्धेत उभं राहावं आणि तिथल्या बुटातल्या पोरांना गप्प करावं, एवढी एकच हाव त्या माणसाला होती.

"आमी नाय. आम्ही," ते म्हणायचे, आणि पोटरीवर फोक. "नाय नाय. नाही." फोक. घरी आई विचारायची, "आज किती?" मी फ्रॉक वर करून दाखवायची. आई खोबरेल चोळता चोळता म्हणायची, "बरं झालं. शिकशील." कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मलासुद्धा नाही. मी वळ मोजायची आणि हिराचे माझ्यापेक्षा कमी निघाले की जळायची.

हिरा माझी मैत्रीण. ओढ्यापलीकडं तिचं घर. बाप नव्हता, आई आणि तिच्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा भाऊ. काशादादा त्याचं नाव, सगळा पाडा त्याला दादाच म्हणायचा. खांद्यावर कायम कुऱ्हाड, आणि बहिणीला 'हिरे' सोडून दुसऱ्या शब्दानं हाक मारल्याचं मी ऐकलं नाही.

आणि मग ती तालीम. ती कुठल्या पुस्तकात नव्हती, गुरुजींच्या डोक्यातून निघालेली. दुपारी सगळ्या वर्गाला खाचरात न्यायचे. बोलणाऱ्यानं बांधावर उभं राहायचं. बाकीच्यांनी वीस पावलांवर, हातात ढेकळं. बोलणाऱ्यानं 'अध्यक्ष महाशय' म्हटलं की मारायला सुरुवात. कमरेखाली मारायचं, हा नियम. मारण्याआधी ढेकळाचा कोपरा चिमटीत चुरून बघायचा, आत दगड लागला तर टाकून द्यायचं, हा दुसरा नियम. बोलणारा थांबला, अडखळला, नुसता दचकला तरी पुन्हा 'अध्यक्ष महाशय' पासून.

"माणसं तुमचं ऐकायला जमत नाहीत," गुरुजी सांगायचे. "पाडायला जमतात. पडायचं नाही."

पहिल्या दिवशी बांधावर ते स्वतः उभे राहिले. स्वच्छ धोतर, पांढरा सदरा. "मारा," म्हणाले. कुणाचा हात उठेना. "मारा रे भेकडांनो!" मग एकानं मारलं, मग सगळ्यांनी. धोतर मातीनं करडं झालं, गुरुजी बोलत होते. आम्ही हसत होतो, किंचाळत होतो, धावून धावून ढेकळं वेचत होतो. एवढी मजा मला नंतर कुठल्या जत्रेत आली नाही. खोटं कशाला बोलू? मारायला मजा यायची.

आता प्रत्येकाची तयारी वेगळी. मी वहीत लिहून काढायची, गोठ्यात जाऊन म्हशीसमोर घोकायची, कुठं हात वर, कुठं आवाज खाली, सगळं ठरलेलं. हिराच्या वहीत कोरी पानं. तिचं भाषण झोडणीवर तयार झालं. विषय होता पाणी. आईबरोबर ती खळ्यावर उभी राहायची, भारा डोक्यावरून फिरवायची आणि म्हणायची, "आमच्या डोंगरातलं पाणी," धप्प, "मुंबईला पोचतं," धप्प, "आमच्या हंड्यात पोचत नाही," धप्प. एका फटक्याला एक वाक्य. वाक्य लांब झालं तर हात भरून यायचा, म्हणून ती ते तोडायची. नको तो शब्द भातासारखा गळून जायचा. मी बाजूला पेंढा उचलायला असायची आणि ऐकायची. ऐकता ऐकता मला तिचं सगळं भाषण पाठ झालं. माझी म्हैस ऐकणारी, तिच्या भाषणाला सगळं खळं थांबून ऐकायचं.

माघात गुरुजींनी नाव जाहीर केलं. शहापूरला हिरा जाणार. मी उभी राहिले आणि विचारलं, का म्हणून? माझं एक अक्षर चुकत नाही.

"तुझं पाठ आहे," गुरुजी म्हणाले. "तिचं आतून येतं."

वर्ग हसला. म्हणजे दोघं-तिघं हसले असतील, मला सगळा वर्ग ऐकू आला. मी घरी गेले ती जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी हिराची शेवटची तालीम. ऊन चांगलं होतं. ती बांधावर उभी राहिली, वेणी मागं टाकली, हात मोकळे सोडले. ढेकळं फुटत होती, तिच्या परकराला करडे ठसे उमटत होते, आणि ती बोलत होती. काय बोलत होती! अंगावर काटा यायचा आणि त्याच काट्याचा मला राग यायचा. मी बांधाच्या कडेचं एक ढेकूळ उचललं. कोपरा चुरला. नखाला दगड लागला.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नखाला दगड लागला, मला कळलं, आणि मी ते फेकलं. कानावर नेम धरून मारलं नव्हतं. पण कमरेखालीही मारलं नव्हतं.

हिरा लगेच पडली नाही. डाव्या कानातून रक्त गळ्यावर आलं आणि ती आणखी दोन वाक्यं बोलली, न अडखळता. मग खाली बसली, जशी कामावरून दमून बसायची तशी. पोरं ओरडली. गुरुजी धावले. धावता धावता त्यांनी एकदा वळून माझ्याकडं बघितलं. माझा हात अजून वरच होता.

जीपमधून तिला शहापूरला नेलं. कानाचा पडदा गेला, म्हणाले. हाडापर्यंत मार आहे, म्हणाले. तो कान परत आला नाही. आणि हिराही शाळेत परत आली नाही.

दादा रानात होता. त्याला कुणीतरी निरोप दिला, 'मास्तरनं हिरीचा कान फोडला.' तो तसाच उतरला. कुऱ्हाडीचं पातं काढून त्यानं ओट्याखाली टाकलं, ते दगडावर खणकन वाजलं, आणि नुसता दांडा घेऊन वर चढला. आम्ही पोरं भिंतीला चिकटलेली. त्यानं काही विचारलं नाही. पहिला दांडा पाठीवर, दुसरा खांद्यावर, तिसऱ्याला गुरुजींनी हात आडवा घातला आणि मनगट मोडल्याचा आवाज आला. वाळकी फांदी मोडावी इतका साधा आवाज. काकी आतून धावत आल्या, मधे पडल्या, दादानं त्यांना बाजूला ढकललं. त्या ओट्यावरून खाली धसकटात पडल्या. "अरे मेला तो, सोड त्याला, सोड!" त्यांचं ओरडणं ओढ्यापलीकडं गेलं असेल.

मी खांबाआड उभी होते. नखांत माती होती. फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'मी मारलं.' दोन शब्द. भाषणात एक अक्षर न चुकणारी पोरगी, तोंड उघडेना मेलीचं.

गुरुजी ओट्यावर बसले होते, मोडका हात मांडीवर धरून. माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "मास्तर, कुनी मारलं ढेकूल?"

"मारायला मीच सांगितलं होतं," गुरुजी म्हणाले. "माझंच आहे."

पंधरा दिवसांनी गळ्यात हात अडकवलेल्या माणसाबरोबर मी एसटीनं शहापूरला गेले. हिराची जागा रिकामी राहू नये म्हणून माझं नाव घातलं होतं. किन्हवली मागं पडली. मग गुरुजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिचं भाषण येतं ना तुला?"

"येतं."

"तेच म्हण. तुझं म्हणू नकोस."

तो फोकाचा मार नव्हता. फोक बरा. मी तालुक्याच्या स्टेजवर उभी राहून हिराचं भाषण हिराच्या चालीत म्हटलं, प्रत्येक वाक्यानंतर माझ्या कानात धप्प वाजत होतं, आणि बुटातली पोरं गप्प झाली. पहिला नंबर. लाकडी ढाल, वर पितळी अक्षरं. परत आल्यावर गुरुजींनी ढाल माझ्या हातातून काढून घेतली आणि ओढा ओलांडून हिराच्या घरी नेऊन दिली. हिराच्या आईनं ती त्यांच्यादेखत शेणाच्या खड्ड्यात फेकली.

जूनमध्ये गुरुजींची बदली झाली. पुढं त्यांना मुलगा झाला, ते मुरबाडकडं आपल्या गावी स्थायिक झाले, निवृत्त झाले. मी त्यांना भेटायला एकदाही गेले नाही. सत्तावीस वर्षं. हिरा कधी किन्हवलीच्या बाजारात दिसायची. तिनं लग्न केलं नाही. भावाच्या घरी राहते, नाचणी-भात करते. मला बघितलं की उजवा कान पुढं करून म्हणायची, "बरी हायस ना?" मी म्हणायची, "बरी हाय." झालं, एवढंच आमचं बोलणं. ती पोरगी पुन्हा चारचौघांत कधी बोलली नाही असं पाड्यावरचे सांगतात. आणि मी बोलतेच आहे, बोलतेच आहे. लोक टाळ्या देतात.

ऊन उतरायला लागलं तशी ओट्यावरून उठले. येतानाच्या एसटीत ठरवलं, उद्या सांगायचं. गुरुजींच्या नावाला लागलेलं ते काढायचं. आपल्या पाड्यात अजून त्यांना 'कानफोड्या मास्तर' म्हणतात, मेल्यावरही म्हणतील. वही काढलीच नाही.

काळू नदीवर माणसं बरीच होती. करंजाखाली बायका, मधे काकी. इतक्या लहान झालेल्या काकी, की मी आधी ओळखलंच नाही. गुरुजींचा मुलगा भादरलेल्या डोक्यानं पिंडापाशी. आणि पुरुषांत मागं, काठी धरून, पांढऱ्या टोपीतला दादा. दादा कसा आला? शेजारी हिरा उभी दिसली तेव्हा कळलं. तिनं आणलं असणार, गेलेल्या माणसाला हात जोडायला. तिनं उजवा कान भोंग्याकडं केला होता.

सरपंचांचं झालं, नाव बदलून. एका पोरानं मोबाइलवरून वाचलं, आणि वाचता वाचता गुरुजींना 'वात्सल्यसिंधू मातोश्री' म्हणून मोकळा झाला. मागची माणसं माना खाली घालून हसली. मग माझं नाव पुकारलं.

माईक हातात घेतला तेव्हा 'आदरणीय' सुद्धा म्हटलं नाही.

"मी गुरुजींची विद्यार्थिनी," मी म्हणाले. "डोळखांबकडची. आमच्या शाळेत गुरुजींनी एका पोरीचा कान फोडला, असं तिकडं सगळे म्हणतात. गुरुजींनी फोडला नाही. मी फोडला. ढेकळात दगड होता, मला माहीत होता. मी मारला. तिच्या भाषणाचा मला राग आला होता. गुरुजींनी बघितलं होतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्यांनी मार खाल्ला, हात मोडून घेतला, नाव बद्दू करून घेतलं, आणि मी खांबाआड उभी राहून बघितलं. एवढंच सांगायचं होतं."

माईकवाल्याच्या हातात माईक दिला. आणि खरं सांगते, अंगावरून ओझं उतरलं. इतकं हलकं वाटलं की मला रडू आलं.

हिरा माझ्याकडं येत होती. मी हात पुढं केले. तिनं ते धरले नाहीत.

"मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली.

"कसं?"

"बोलताना मी समद्यांचे हात बघत व्हते. तुझाच हात वर गेला."

"मग बोलली का नाय कवा?"

"कवा बोलू?" तिचा आवाज चढला. ती ओरडली नव्हती, पण जवळची माणसं सरकली. "जीपमदून उतरून घरी आले तवा दादाचं मारून झालं व्हतं. मग बोलून काय करू? भलत्याच मानसाला मारलास, त्याचा हात मोडलास, त्याच्या बायकोला पाडलास, असं सांगू त्याला? त्यानं लगीन नाय केलं माज्यापायी. बहिनीसाठी मारलं, येवढा एकच अभिमान हाय त्याला. तो जपला मी, सत्तावीस वर्सं, तोंड शिवून. आनि तू..." तिनं माईककडं बोट केलं. "तुला बोलायची हौस."

काशादादा तिच्या मागं येऊन उभा होता. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी तो माझ्या तोंडाकडं नीट बघत होता.

"खरं हाय का गो?" त्यानं विचारलं. "का भाषणात बोलतात तसं बोललीस?"

हिरानं माझ्याकडं बघितलं. तिला काय हवं होतं ते उघड होतं. एक वाक्य पुरलं असतं. 'भाषणात बोलले हो दादा, गुरुजींना मोठं करायला.' म्हाताऱ्यानं मान हलवली असती, घरी गेला असता. दहाव्याला कोण काय बोलत नाही? पण मग गुरुजी पुन्हा कानफोडेच राहिले असते, आणि मी पुन्हा खांबाआड.

"खरं हाय, दादा," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. एकदा, दोनदा. हिराच्या तोंडातून 'आई' असा बारीक आवाज आला. दादानं काठी तिच्या हातात दिली आणि तो चाचपडत करंजाखाली गेला. बायका उठून बाजूला झाल्या. काकींपुढं तो थांबला, टोपी काढून खाली ठेवली, आणि त्यांच्याकडं पाठ करून उकिडवा बसला.

"मारा," तो म्हणाला.

काकी मागं सरकल्या.

"मारा, वैनी. मी इचारलं नव्हतं. तुमी पण इचारू नका."

मुलगा पुढं आला, "अहो आजोबा, असं काय करताय," म्हणून. काकींनी हातानं त्याला थोपवलं. मग ती मूठभर बाई गुडघ्यावर आली आणि तिनं दादाच्या पाठीत बुक्की मारली. मग दुसरी. मग मोजता येईनात. "दर पावसाल्यात," त्या म्हणत होत्या, "दर पावसाल्यात मनगट धरून बसायचे ते. खडू धरता नाय यायचा. पोराला उचलता नाय यायचं. माज्या पोटात तवा दुसरा जीव व्हता रे मेल्या, पाडलास तू मला, गेला तो जीव, कुनाला सांगितलं नाय मी!" दादा हलला नाही. प्रत्येक बुक्कीला त्याची पाठ वाजत होती, पोकळ आवाज. नदीवर शंभरेक माणसं होती, कुणी अडवायला गेलं नाही. हिराही गेली नाही. ती काठी छातीशी धरून उभी होती आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

काकी दमल्या. दादाच्या पाठीवर कपाळ टेकून थोडा वेळ तशाच राहिल्या. दम खाऊन झाल्यावर त्यांनी खाली पडलेली टोपी उचलली, झटकली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

"ऊठ. घरी चल," म्हणाल्या. "जेवल्याबिगार जायचं नाय."

हिरानं एका बाजूनं त्याला धरलं, मुलानं दुसऱ्या बाजूनं. चौघं घाट चढायला लागली. माझा रस्ता त्यांच्या रस्त्यातच होता. मी पुढं झाले आणि काकींसमोर वाकले, अगदी दादासारखी, सगळ्यांदेखत.

"काकी, मला मारा."

त्या थांबल्या.

"तुजं नाव मला त्याच दिवशी म्हाईत झालं व्हतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं. बोलले, पोर हाय, माफ केलं म्हनून." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "त्यांनी केलं गो. मला नाय कुनी इचारलं."

मला वळसा घालून त्या वर गेल्या. मागोमाग सगळी माणसं गेली. मी वाकलेली तशीच होते.